बॉडी डबलची गरज नाही

धम्मपाल ओव्हाळला कंपनीत लागून चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत तिथल्या एकालाही त्याच्याबद्दल कसली शंका आली नव्हती. चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत तो क्वालिटीला होता. लाइनवरून आलेला पार्ट गेजमध्ये बसवून बघायचा, बसला तर हिरव्या क्रेटमध्ये टाकायचा, नाही बसला तर लाल. एकोणतीस वर्षांचा, अंगाने बारीक, बारीकशी मिशी, आवाज जरा घोगरा. जन्माला आला तेव्हा दाखल्यावर मुलीचं नाव लागलं होतं, हे आता रोजच्या माणसांत फक्त त्याच्या आईला आणि बहिणीला माहीत होतं. नातेवाइकांनाही माहीत होतं, पण त्यांनी येणं-जाणं कधीच सोडलं होतं. वडील भीमराज वारल्यावर आईने चिंचवडची खोली सोडली आणि कासारवाडीत, स्टेशनच्या मागच्या बाजूला नवी घेतली. तिथे शेजाऱ्यांना ओळख करून देताना तिने सांगितलं, "हा माझा मुलगा." तेव्हापासून तो सगळ्यांसाठी मुलगाच होता.

कंपनीत त्याच्या शेजारच्या मशीनवर गोरक्ष येळवंडे असायचा. निघोज्याचा. घरची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधलेल्या. गावात त्याचं मर्दानी खेळांचं पथक होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत धम्मपाल सहज एक पाइप हातात घेऊन फिरवत होता आणि गोरक्षने ते पाहिलं. लाठी त्याला वडिलांनी शिकवली होती, कॉलनीतल्या मैदानावर, लहानपणी. गोरक्षने त्याच रविवारी त्याला गावच्या तालमीत नेलं. तीन वर्षांत अशी वेळ आली की पथकात नव्याने येणाऱ्यांना दांडपट्टा शिकवायचं काम धम्मपालकडेच आलं.

त्या वर्षी जानेवारीत फिल्मवाले पथक शोधत आले. पुनावळ्याच्या पुढे, हायवेच्या अलीकडे, एका बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी प्लायवुड आणि थर्माकोलचा किल्ला उभा केला होता. मागे दोन टॉवरचं काम चाललेलं, त्यामुळे क्रेनचा हात फ्रेमबाहेर गेल्याशिवाय शॉट घेता येत नसे. गोष्ट काल्पनिक होती, काळ सतराव्या शतकातला. एका लहान गढीला वेढा पडतो, आत चाळीस माणसं, पाणी संपत आलेलं, आणि म्हाळू नावाचा जासूद चिठ्ठी घेऊन वेढ्यातून बाहेर निसटतो. पथकातली पंधरा पोरं शिपाई म्हणून घेतली. म्हाळूचं काम कुणाला द्यायचं हे ठरत नव्हतं. मैथिली गुर्जर ही दिग्दर्शक. तिने धम्मपालला तटावरून उडी मारताना पाहिलं आणि दोन वाक्यं म्हणायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात अकरा वाक्यांचा कागद आला.

दोघांनी कंपनीतून बिनपगारी रजा काढली. सुपरवायझर कुरकुरला, पण हो म्हणाला.

पहिल्या दिवशी कपडेपटातल्या माणसाने धम्मपालला पागोटं बांधून दिलं, कमरेला शेला कसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा मर्दा." तो माणूस हे प्रत्येकालाच म्हणत होता. धम्मपाल मात्र दिवसभर त्या एका शब्दावर चालत होता. गढीच्या आत बसून इतर शिपायांबरोबर कोरडी भाकरी खायचा सीन झाला, तेव्हा त्याला काही करावंच लागलं नाही. तो फक्त बसला. मैथिली म्हणाली, "असाच बस. काही करू नकोस."

एकच गोष्ट त्याला खुपत होती. शत्रूच्या छावणीत सरदाराचा एक खोजा, जनानखान्यावरचा खच्ची केलेला नोकर, दाखवला होता. मुंबईचा नट होता, चांगला शिकलेला. त्याच्या डोळ्यांत काजळ भरलं होतं, त्याला कंबर हलवत चालायचं होतं आणि सरदाराच्या कानात विष ओतायचं होतं. त्याचा शॉट सुरू झाला की सेटवरची माणसं हसत. पथकातल्या पिंटूने त्याची नक्कल केली तेव्हा पोरं लोळली. धम्मपालही हसला. न हसणारा एकटाच उरला असता तर कुणीतरी विचारलं असतं, याला काय झालं. तो जरा जास्तच मोठ्याने हसला आणि नंतर पाणी प्यायच्या निमित्ताने तंबूमागे जाऊन उभा राहिला.

आठव्या दिवशी तटावरून दोराने उतरायचा सीन ठरला. तीस फूट. त्यासाठी विमा काढायचा होता आणि एक वैद्यकीय फॉर्म भरायचा होता. निर्मितीचं कागदपत्रांचं काम बघणारी दिव्या त्याला म्हणाली, "झालेली ऑपरेशनं सगळी लिहा. लपवलं आणि उद्या काही झालं तर विमा मिळणार नाही." फॉर्मच्या वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की ही माहिती गोपनीय राहील. धम्मपालने बराच वेळ पेन हातात धरलं. मग खरं लिहिलं. छातीचं ऑपरेशन, वर्ष, औषधं. कागद घडी घालून पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून दिव्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिलीने त्याला व्हॅनमध्ये बोलावलं. ती एकटीच होती. त्याला बसायला सांगून ती क्षणभर नुसती बघत राहिली, आणि त्याला कळलं.

"फॉर्म तुमच्याकडे कसा आला?"

"दिव्याने दाखवला. तिच्यावर रागावू नकोस." तिचे डोळे ओले होते. "धम्मपाल, मी गेली सहा वर्षं हे शोधतेय. आपल्या ऐतिहासिक सिनेमांत तुमच्यासारखी माणसं एक तर दिसतच नाहीत, नाही तर त्या खोज्यासारखी दिसतात. तो सीन मीच लिहिलाय आणि बघताना मलाच लाज वाटते. पैसे घालणारे चॅनलवालेही मागे लागलेत, सगळ्या प्रकारची माणसं दाखवा म्हणून. आणि तू इथेच होतास."

तिने नवी पानं समोर ठेवली. सीन एक्केचाळीस-अ. म्हाळू चिठ्ठी घेऊन निघतो, चौकीवर पकडला जातो. पहारेकरी झडती घेतात, अंगरखा फाडतात, आत छातीला आवळून बांधलेलं फडकं दिसतं. सरदार येतो, विचारतो, "तू बाई आहेस का पुरुष?" आणि म्हाळू म्हणतो, "मी जासूद आहे."

धम्मपालने ते दोनदा वाचलं. वाक्य चांगलं होतं. तेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"म्हाळू पकडला जात नाही," तो म्हणाला. "तो पोचतो."

"पोचणारच आहे. सरदार त्याला सोडतो."

"मॅडम, कंपनीत कुणाला माहीत नाही. गोरक्षला माहीत नाही. तालमीत मी पोरांना शिकवतो."

"सिनेमात तू म्हाळू आहेस. लोकांना वाटेल अभिनय आहे."

"मग अभिनयासाठी दुसरं कुणी घ्या."

"ते खरं होणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "दरवेळी तेच होतं, दुसरंच कुणीतरी करतं. इतिहासात तुम्ही होतात. ते दाखवायला नको का?"

धम्मपालने मान हलवली. दाखवायला हवं होतं, हे त्यालाही पटत होतं. लहानपणी एखाद्या सिनेमात असा एखादा माणूस दिसला असता, तर आपण काय आहोत हे कळायला त्याला वीस वर्षं लागली नसती.

"मी एक सांगू का?" तो म्हणाला. "माझ्यासारखा माणूस तेव्हा असता ना, तर तो सैन्यात गेला असता, चिठ्ठ्या पोचवल्या असत्या, चारचौघांत बसून जेवला असता, म्हातारा होऊन मेला असता. कुणाला कधी कळलंच नसतं. तोसुद्धा इतिहासच आहे ना? तुम्ही जे आठ दिवस घेतलंय, ते तेच आहे."

मैथिलीने खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग ती म्हणाली, "पण मग बघणाऱ्याला कळणार कसं?"

त्याने दोन दिवस मागून घेतले. बाहेर दिव्या उभी होती. तिने त्याच्याकडे न बघता कराराचं एक पान दाखवलं. भूमिकेत बदल करायचा अधिकार दिग्दर्शकाचा. कलाकार मध्येच निघून गेला तर त्याचं आधीचं चित्रीकरण रद्द. "तुमचं आठ दिवसांचं काम सगळं पथकाबरोबर आहे," दिव्या म्हणाली. "ते रद्द झालं तर पथकच बदलतील. कोल्हापूरचं एक आहे यादीत." ती धमकी देत नव्हती. वाईटच वाटत होतं तिला.

म्हणजे तो गेला तर पंधरा पोरांचं काम जाणार होतं, आणि का गेला हे त्यांना सांगताही येणार नव्हतं. थांबला तर सांगावंच लागणार नव्हतं, पडद्यावरच दिसलं असतं. कासारवाडीला परत येताना सिग्नलला उभा असताना त्याने प्रत्येक वाट पुन्हा एकदा तपासून पाहिली. आजारी पडल्याचं सांगितलं तर? ते वाट बघतील. पाय मोडून घेतला तर? हा विचार त्याने खरंच केला, अगदी कुठल्या जिन्यावरून पडायचं इथपर्यंत.

दोन दिवस मिळालेच नाहीत. त्याच संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. वेळ, जागा, कपडे, आणि खाली एक ओळ: सीन ४१-अ, म्हाळूची झडती. कलाकार स्वतः ट्रान्स असल्याने बॉडी डबलची गरज नाही.

अकरा मिनिटांनी ते डिलीट झालं. तोवर ग्रुपवरच्या बहुतेकांनी पाहिलं होतं. कुणी काही लिहिलं नाही. रोज त्या ग्रुपवर शंभर फालतू मेसेज पडत. त्या संध्याकाळी एकही पडला नाही.

घरी त्याची आई, केसरबाई, भाकरी टाकत होती. त्याने फोन तिच्यासमोर धरला, त्यावर मैथिलीची माफीची चार वाक्यं होती. चष्मा लावून तिने ती वाचली आणि गॅस बंद केला.

"उद्या जाऊ नको," ती म्हणाली.

"नाही गेलो तर सगळे म्हणतील खरं आहे म्हणून पळाला."

"खरंच आहे की."

"हो आई."

"मग कशाला भितो?" असं ती म्हणाली खरी, पण बंद केलेला गॅस तिने पुन्हा एकदा तपासला. "तुझा बाप असता तर गेला असता तिथं. दोन शब्द बोलला असता त्या बाईला."

"ती बाई वाईट नाहीये."

"म्हणूनच," केसरबाई म्हणाली. "वाईट असती तर भांडता आलं असतं."

रोज सकाळी रावेतच्या पुलाजवळ चहाच्या टपरीवर गोरक्ष आणि तो भेटत आणि तिथून एकाच गाडीवर पुढे जात. त्या सकाळी धम्मपालने वीस मिनिटं वाट पाहिली. मग एकटा गेला. गोरक्षची गाडी सेटवर आधीच लागलेली होती.

कपडे बदलायच्या तंबूत तो शिरला आणि बोलणं थांबलं. पिंटूने आपला अंगरखा उचलला आणि बाहेर जाऊन घातला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. बाकीचे कनातीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी तसं करणं बाहेर जाण्यापेक्षा जास्त लागलं. धम्मपालने यातल्या प्रत्येकाचं मनगट धरून त्याला पट्टा शिकवला होता.

जेवणाच्या वेळी गोरक्ष तटाच्या मागे, जिथे थर्माकोल संपून नुसत्या बांबूंचा सांगाडा होता, तिथे एकटा बसलेला दिसला. धम्मपाल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बस की," गोरक्ष म्हणाला.

धम्मपाल बसला. बराच वेळ दोघं जेवले.

"चार वरसं झाली," गोरक्ष म्हणाला. "येका डब्यातलं खाल्लं आपण. मला सांगाया काय झालं व्हतं?"

"तू बोलणं बंद केलं असतंस तर?"

"केलं असतं का न्हाई, ते मला ठरवू द्यायचं व्हतं."

धम्मपालने डब्याचं झाकण लावलं.

"हिरीवर पोहायला चल म्हनलं की तुला कायतरी काम निगायचं. मला वाटायचं, ह्यो आपल्या गावच्या हिरीला भितो. जातीपायी." गोरक्षने भाकरीचा तुकडा मोडला पण तोंडात घातला नाही. "तुला तालमीत आणला तवा गावातली दोन घरं माझ्याशी बोलायची बंद झाली. ह्याला कशाला आणला म्हून. मी तुला सांगितलं न्हाई. म्हनलं, ह्याला कशाला तरास."

धम्मपालला हे माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "अजून नाही बोलत?"

"येक घर बोलतंय. दुसरं न्हाई." गोरक्ष उठला. "आता ती आणिक बोलणार बग. आन् पोरांचं आईबाप यितील. मी काय सांगू त्यास्नी? मला येक वाक्य दे, मी त्येच सांगतो."

गोरक्षने थोडा वेळ वाट पाहिली आणि डबा घेऊन निघून गेला.

सीन दुपारी चारला होता. कपडेपटातला माणूस फडकं घेऊन आला. आज तो काही बोलला नाही. त्याने फडकं धम्मपालच्या छातीभोवती गुंडाळायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वेढ्याला धम्मपालचा श्वास अडकला. ऑपरेशनच्या आधी सहा वर्षं त्याने छाती अशी बांधून काढली होती. उन्हाळ्यात घामाने चट्टे उठत, रात्री कूस बदलता येत नसे. ज्या दिवशी ते सुटलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवर त्याने पहिल्यांदा पोटापर्यंत श्वास घेतला होता आणि नर्सला वाटलं होतं, हा रडतोय दुखतंय म्हणून. आता तेच फडकं पुन्हा चढत होतं.

"सैल करू?" त्या माणसाने विचारलं.

"दिसायला पाहिजे ना त्यांना. राहू द्या."

शत्रूचे पहारेकरी वेगळे आणले नव्हते. पथकातलीच पोरं कपडे बदलून दुसऱ्या बाजूला उभी राहत. चौकीवरचा पहारेकरी उंच हवा म्हणून मैथिलीने पहिल्याच दिवशी गोरक्षला निवडलं होतं. आता काही बदलायला वेळ नव्हता. गोरक्ष हिरवा अंगरखा घालून समोर उभा राहिला. त्याला सांगितलं गेलं: दंड धरायचा, गळ्याजवळ कापड पकडायचं आणि एका झटक्यात खाली ओढायचं. कापड उसवून ठेवलंय, लगेच फाटेल.

क्रेनचा हात फ्रेमबाहेर गेला. शॉट सुरू झाला.

गोरक्षने दंड धरला. कापड पकडलं. ओढलं. फाटलं नाही.

"जोर लाव," मैथिली म्हणाली.

दुसऱ्या वेळी त्याने जोर लावला तसं दिसलं. त्याच्या मानेच्या शिराही फुगल्या. धम्मपालला मात्र जाणवत होतं की गोरक्षची मूठ आतून ढिली आहे. कापड त्याच्या बोटांतून नुसतं सरकत होतं. धम्मपालने मान वर केली. गोरक्ष त्याच्याकडे बघत नव्हता, त्याच्या कानामागे कुठेतरी बघत होता.

तिसरा टेक. चौथा. प्रत्येक वेळी धम्मपाल ताठ व्हायचा, ओरडायच्या तयारीने श्वास घ्यायला जायचा, फडक्यात तो अडायचा, आणि काही व्हायचं नाही. पाचव्या टेकनंतर कपडेपटाच्या माणसाने येऊन शिवण तपासली, ती उसवलेलीच होती. मैथिली जवळ आली. "काय होतंय गोरक्ष?"

"कापड पक्कं हाय मॅडम."

"कापड पक्कं नाहीये."

"माझ्यानं फाटंना झालंय," गोरक्ष म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. पोरं चौकीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. पिंटूही होता. कुणी हसलं नाही.

सातव्या टेकनंतर ऊन टॉवरच्या मागे गेलं. दिवस वाया गेला. मैथिली खुर्चीत बसून राहिली, हातातल्या कागदांची नळी करत. धम्मपाल तंबूत गेला आणि त्याने फडकं सोडायला घेतलं. गाठ पाठीमागे होती, हात पोचेना. मागून कुणीतरी ती सोडली. गोरक्ष होता. गाठ सोडून तो निघून गेला.

धम्मपालला वाटलं, उद्या आपण नाही म्हणू. गोरक्ष नाही म्हणाला, मग आपल्यालाही म्हणता येईल. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली. पण सकाळी सेटवर पोचला तेव्हा मुंबईहून एक स्टंटमन आलेला होता. पथकातल्या पोरांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. मैथिली म्हणाली, "एकच टेक. मी शब्द देते. कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर असेल." ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. ती पुढे म्हणाली, "तू नाही म्हणालास तर मी थांबेन. पण मग सिनेमा इथेच थांबतो. मी खोटं बोलत नाहीये."

त्याने जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. एका टेकमध्ये झालं. स्टंटमनने सराईतपणे कापड ओढलं, ते उभं फाटलं, थंडी वाजली. सरदाराने प्रश्न विचारला. धम्मपाल म्हणाला, "मी जासूद आहे." आवाज फुटला. सेटवर टाळ्या वाजल्या. मैथिली रडत होती. धम्मपालने फाटलेलं कापड पुढे धरलं आणि विचारलं, "माझं झालं का?"

चित्रीकरण संपलं. पथकाला पूर्ण काम मिळालं. तालमीत मात्र दोन मुलींच्या आणि चार मुलांच्या घरच्यांनी मुलांना पाठवणं बंद केलं. गोरक्ष त्यांच्या दारी जाऊन आला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही. धम्मपालने स्वतःहूनच शिकवायला जायचं थांबवलं, आणि गोरक्षने त्याला आग्रह केला नाही. ते दोघांनाही लागलं, पण दुसरं काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

जुलैत सिनेमा चॅनलच्या ॲपवर, मोबाईलवर आला. त्याच्या चार दिवस आधी मैथिलीचा फोन आला होता. धम्मपाल लाइनवर होता, कानात इअरप्लग, तो बाहेर पार्किंगमध्ये गेला.

"धम्मपाल, एक्केचाळीस-अ काढलाय," ती म्हणाली. "चॅनलच्या वकिलांनी. त्यांना भीती वाटली, कुणी म्हणेल आमच्या शिपायांची बदनामी केली. मी भांडले. तीन मीटिंगा झाल्या."

"पूर्ण काढला?"

"पूर्ण. म्हाळू चौकी चुकवून जातो. पहिलं होतं तसंच."

पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता. धम्मपालला काय वाटायला हवं तेच कळेना. सुटका झाली असं वाटायला हवं होतं. मग त्याला तो दिवस आठवला, छातीवरचं फडकं, सात टेक, कनातीकडे तोंड केलेली पोरं. जे झालं ते कशासाठी झालं हे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं.

"आणि तो खोजा?" त्याने विचारलं.

"तो आहे," मैथिली म्हणाली. "त्याच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता."

रविवारी केसरबाई आणि बहीण मिनलने सिनेमा पाहिला. धम्मपाल बाहेर गॅलरीत बसला. आतून पट्ट्यांचे आवाज येत राहिले. सिनेमा संपल्यावर केसरबाई बाहेर आली आणि म्हणाली, "चांगला दिसतो पागोट्यात." मग त्याच्याजवळ बसली.

कंपनीत बातमी कुठून पोचली हे शोधण्यात अर्थ नव्हता. निघोज्यातली सात-आठ पोरं त्याच पट्ट्यातल्या कंपन्यांत होती. ऑगस्टमध्ये एचआरने बोलावलं. अधिकारी तरुण होती, नम्र होती. म्हणाली की कंपनीला काही अडचण नाही, कंपनी सगळ्यांना सामावून घेते, फक्त काही जणांनी तोंडी तक्रार केली आहे, तेव्हा सध्यापुरतं त्याने कामगारांचं स्वच्छतागृह वापरू नये आणि लेडीजचंही नाही. गेटजवळ पाहुण्यांसाठी एक आहे, ते वापरावं. किल्ली सिक्युरिटीकडे असते.

"सध्यापुरतं म्हणजे किती दिवस?" त्याने विचारलं.

"कळवू आम्ही," ती म्हणाली.

त्याने नोकरी सोडायचा विचार केला. दुसऱ्या कंपनीत गेला असता, पण चाकणमध्ये एका कंपनीतलं दुसऱ्या कंपनीत पोचायला आठवडाही लागत नाही. शहरच सोडलं असतं, पण आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा पिंपरीत होतं, जूनपासून. तो राहिला.

शॉपफ्लोअरपासून गेट चालत सहा मिनिटांवर होतं. जायला सहा, यायला सहा. दिवसातून दोनदाच जायचं असं त्याने ठरवलं आणि पाणी कमी केलं. एका दुपारी तो केबिनपाशी पोचला तर किल्ली जागेवर नव्हती. सिक्युरिटीचे किसनमामा, वयस्कर माणूस, खिसे चाचपत राहिले, मग टेबलाचे खण उघडले, मग म्हणाले, "साहेबांच्या पाहुण्यांनी नेली आसंल. थांबा जरा." तो थांबला. समोरच्या रस्त्यावरून कंटेनर जात होते. दहा मिनिटं गेली. किसनमामांनी त्याला आपली खुर्ची पुढे केली. तो बसला नाही, त्याला बसता येत नव्हतं.

परत आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. त्याच्या टेबलावर पार्टचा ढीग पडलेला असणार होता. नव्हता. गोरक्ष स्वतःचं मशीन चालू ठेवून मधूनमधून इकडे येत होता, एकेक पार्ट गेजला लावत होता. हिरवा क्रेट अर्धा भरला होता. धम्मपालला बघून त्याने गेज टेबलावर ठेवला.

"तीन मला कळलं न्हाईत," तो म्हणाला. "बाजूला ठिवलेत. तू बग."

धम्मपालने हातमोजे घातले आणि त्यातला पहिला पार्ट उचलला.